बारा चिठ्ठ्या

सोहारला संध्याकाळी सात वाजताही बेचाळीस अंश.
जेवणाच्या टेबलाशी चार मुलं, पाचवी एसीची घरघर,
आणि मधोमध पन्नास बैसांचं नाणं:
एकीकडे खंजीर, दुसरीकडे आकडा.
छापा कुठला नि काटा कुठला
यावर दहा मिनिटं भांडण.
मग ठरलं, खंजीर म्हणजे छापा.

मी म्हटलं, हा यादृच्छिक प्रयोग.
काय काय होऊ शकतं ते आधीच माहीत असतं सगळं,
त्यातलं नेमकं कुठलं होणार, तेवढंच नसतं.
जे जे होऊ शकतं ते महिरपी कंसात बसवायचं
स्वल्पविराम देत देत,
पंगतीत कुणाचं पान वाढायचं राहिलं नाही ना, बघत.
हा नमुना अवकाश.
त्यातून आपल्याला हवं तेवढं वेचलं, की झाली घटना.

"आणि कडेवर उभं राहिलं तर?"
मृण्मयी तांडेल. दुसरं कोण.
पुस्तकात तसं होत नाही, मी म्हटलं.
"फरशी वाकडी असली तर?"
पुस्तकात फरशी नसते गं.

लागोपाठ पाच वेळा खंजीर आला.
ओजस म्हणाला, आता काटाच, पैज!
मी म्हटलं, नाण्याला आठवण नसते बाळा,
आधीचे पाच त्याच्या गावीही नाहीत.
पुन्हा खंजीर. ओजसचं खोडरबर गेलं.

पुढच्या बुधवारी ती गणित घेऊन आली,
वहीतलं नव्हतं.
बाबांच्या प्लांटवर, जिथे समुद्राचं पाणी गोडं करतात,
शिफ्टला बारा माणसं.
ईदच्या आठवड्यात सुट्टी दोघांनाच.
दूध पावडरच्या डब्यात बारा चिठ्ठ्या,
उद्या फोरमन दोन काढणार.
"दामोदर तांडेल निघण्याची संभाव्यता किती?"

दोन छेद बारा. एक छेद सहा.
"म्हणजे लुडोत सहा पडावा, एवढीच?"
एवढीच.
ती लुडोतल्या सोंगटीसारखी गप्प बसली जरा, घरात अडकलेल्या.
मग म्हणाली,
"पण टीचर, चिठ्ठ्या समसंभाव्य आहेत का?
सुलेमानकाका जाड घडी घालतात.
थापाकाकांचं नाव दोन अक्षरी, त्यांची चिठ्ठी इवलीशी."
सारखा कागद, सारखी घडी, असं आपण धरून चालतो.
"धरून चालतो म्हणजे, आहे असं नाही ना?"
मी चहा टाकायला उठले.

गुरुवारी पहिली चिठ्ठी थापा.
(तिनं आधीच मांडून ठेवलं होतं:
आता डब्यात अकरा, आता एक छेद अकरा,
पहिली चिठ्ठी परत डब्यात जात नाही, हे विसरायचं नाही.)
दुसरी चिठ्ठी
तांडेल.

हे मला तिच्या आईच्या मेसेजवरून कळलं होतं, म्हणून
रविवारी ती आली तेव्हा मी आधी पेढाच पुढे केला,
लुलूमधला, जरा कडक.
तिनं घेतला नाही.
"बिजुमोनकाकांची आई दवाखान्यात आहे आलप्पुळ्याला.
बाबांनी चिठ्ठी उलगडली, वाचली,
त्यांच्या खिशात टाकली,
आणि मीटरचं रीडिंग घ्यायला गेले म्हणे."
मग, कुणाचा तरी राग आल्यासारखी:
"मी श्रीवर्धनला आजीला सांगूनसुद्धा टाकलं होतं."

मी काहीतरी बोलणार होते.
एसी बंद पडून पुन्हा सुरू झाला.
"डब्यात तर बाराच होत्या," ती म्हणाली,
"मग ही निष्पत्ती कुठून आली?
कंसात कुठे लिहायची?"

खरं सांगते, मला माहीत नव्हतं.
मी म्हटलं, चौथं उदाहरण घे,
पिशवीत तीन लाल चेंडू, पाच निळे.
तिनं पट्टी ठेवली, समास आखला,
आणि उदाहरण उतरवण्याआधी
समासाच्या डावीकडे, जिथे फक्त क्रमांक घालायचा असतो,
पेन्सिलीनं बारीक लिहिलं: बिजुमोन.

मी वह्या तपासल्या त्या रात्री.
तिथे लाल पेन लावलं नाही.